चिरे कापण्याच्या यंत्राची पावसाळ्यांतील निगा

कोंकणांत व गोमंतकांत ज्या खातेदारांच्या जमिनी सड्यावर आहेत, त्यांपैकीं पुष्कळांस भात, नाचणी, आंबा व काजू यांच्या जोडीस चिरेखाणीचेंही उत्पन्न असतें. खाणीचा हंगाम पाऊस उघडल्यावर सुरू होतो आणि मृगाच्या सुमारास संपतो. पुढील चार महिने खाण बंद, मजूर आपापल्या गांवीं, आणि यंत्र मात्र माळावर उभें. नांगर, कोयता व विळा यांची निगा कशी राखावी हें आपल्याकडे बापाकडून मुलास कळतें. परंतु हें यंत्र आजोबांच्या वेळीं घरांत नव्हतें, त्यामुळें त्याविषयीं परंपरेचें ज्ञान आपल्यापाशीं नाहीं. याचा परिणाम असा होतो कीं, आठ महिने काम करून यंत्र जितकें झिजत नाहीं, तितकें तें चार महिने स्वस्थ उभें राहून खराब होतें. बहुतेकांनीं यंत्रासाठीं कर्ज काढलेलें असतें व त्याचा हप्ता पावसासाठीं थांबत नाहीं. शिवाय चिरलेलें पातें किंवा ओल लागलेली मोटार केवळ पैशाचें नुकसान करून स्वस्थ बसत नाहीं. प्रसंगीं ती माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून या विषयाचा थोडा तपशीलवार विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

दगड व यंत्र

उष्ण आणि अतिपर्जन्याच्या प्रदेशांत मूळ खडक दीर्घकाळ कुजत जाऊन त्यांतील विरघळणारीं द्रव्यें पाण्याबरोबर निघून जातात, आणि लोह व ॲल्युमिनियम यांचीं ऑक्साइडें मागें राहतात. तोच आपला जांभा. जमिनींत असतांना तो हत्यारानें कापतां येण्याइतका मऊ असतो व हवा लागून वाळला म्हणजे कठीण होतो. मलबारांत हा दगड विटेप्रमाणें कापून बांधकामास वापरतात असें फ्रान्सिस बुकानन यानें पाहिलें, आणि १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतांत त्यास लॅटिन भाषेंतील वीट या अर्थाच्या शब्दावरून लॅटराइट हें नांव दिलें.

पूर्वीं चिरा टिकाव व पहार यांनीं काढीत. आतां रुळांवर सरकणाऱ्या लोखंडी चौकटीवर गोल पातें बसविलेलें यंत्र हें काम करतें. तें प्रथम लांबीचे व रुंदीचे उभे छेद घेतें, आणि मग खालून आडवा छेद घेऊन चिरा सुटा करतात. पात्याचें अंग पोलादाचें असून त्याच्या कडेस टंगस्टन कार्बाइडचे दात डाक देऊन बसविलेले असतात. पात्यास फिरविण्याचें काम विजेची मोटार, डिझेल इंजिन किंवा कोठें कोठें ट्रॅक्टर करतो, व ती शक्ति रबरी पट्ट्यांनीं पात्याच्या दांड्याकडे जाते. हा दांडा बेअरिंगांत फिरतो. म्हणजे पोलाद, कार्बाइड, रबर, तांब्याची तार आणि तेल अशा निरनिराळ्या स्वभावांच्या वस्तु येथें एकत्र आल्या आहेत. सर्वांस एकच उपचार लागूं पडत नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

गंज कां चढतो

लोखंडास गंज चढण्यास पाणी व हवेंतील प्राणवायु या दोहोंची गरज असते. पाणी म्हणजे पावसाचीच धार असें मात्र नव्हे. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६० च्या वर गेली कीं उघड्या लोखंडावर डोळ्यांस न दिसणारा ओलाव्याचा थर बसूं लागतो व गंजण्याचा वेग वाढतो. पावसाळ्यांत आमच्या किनाऱ्यावर ही आर्द्रता बहुधा शेंकडा ८० च्या वर असते. अर्थात् यंत्रावर एक थेंबही न पडतां तें गंजूं शकतें. त्यांत समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ येतें. मीठ हवेंतील ओल ओढून घेतें व गंजण्याची क्रिया अधिकच जलद करतें.

आणखी एक शत्रु आहे, व त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. तो म्हणजे जांभ्याची भुकटी. ही भुकटी बारीक व चिकट असून सांध्यासांध्यांत जाऊन बसते, आणि ओल शोषून ती लोखंडाशीं धरून ठेवते. शिवाय तिचा व गंजाचा रंग एकच, तांबडा. त्यामुळें वरून पाहणारास भुकटी दिसते आणि तिच्याखालीं लोखंड खाल्लें जात असतें. यास्तव यंत्र झांकण्यापूर्वीं तें स्वच्छ करणें ही सर्व उपचारांची पहिली पायरी होय.

जागा कशी निवडावी

यंत्र खाणींत ठेवूं नये. जोराच्या एका रात्रीच्या पावसानें खाणीचें तळें होतें, आणि तेथून यंत्र वर काढणें मग दसऱ्यापर्यंत शक्य होत नाहीं. सडा सपाट असल्यामुळें वरही कांहीं ठिकाणीं पाणी सांचतें. म्हणून मागील पावसाळ्यांत जेथें पाणी उभें राहिलें नव्हतें अशी उंचवट्याची जागा निवडावी. आंबा किंवा काजू यांच्या झाडाखालीं आसरा चांगला वाटतो. परंतु वादळांत फांदी पडण्याचें भय असतें, पाऊस थांबल्यावरही झाड ठिबकत राहतें, आणि कुजणाऱ्या पाल्याचा थर ओल धरून ठेवतो. विजेच्या तारांखालीं तर यंत्र कधींही उभें करूं नये.

फुटक्या चिऱ्यांचा एक वीतभर उंच ओटा रचून त्यावर लाकडी ओंडके टाकावे व त्यांवर यंत्र ठेवावें, म्हणजे खालून हवा खेळते. पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. म्हणून त्या अंगास चिऱ्यांचा गडगा घालून पूर्वेचें व उत्तरेचें अंग मोकळें ठेवावें. वर पत्र्याचें किंवा झावळ्यांचें उतरतें छप्पर असावें. ज्याच्यापाशीं मांगर आहे त्यानें निदान पातें, पट्टे, बॅटरी व विजेची पेटी हे सुटे भाग तरी तेथें न्यावे. उघड्यावर काय ठेवायचें याचा विचार करण्यापूर्वीं उघड्यावर न ठेवतां काय चालेल याचा विचार करणें फायद्याचें असतें.

साफसफाई व लेप

हें काम वैशाखाच्या अखेरच्या कडक उन्हांत उरकावें. पहिला पाऊस पडल्यानंतर त्यास हात घालण्यांत अर्थ नाहीं. प्रथम कोरड्या कुंच्यानें सर्व भुकटी झाडावी. झाडतांना नाकातोंडास योग्य मुसकें बांधावें, कारण बारीक दगडी धूळ वर्षानुवर्षें फुप्फुसांत जाणें घातक आहे. नंतर चौकट व रूळ गोड्या पाण्यानें धुवावे, म्हणजे मिठाचा थर निघून जातो. मोटार, विजेची पेटी व बेअरिंगें यांवर पाण्याची धार मारूं नये. तीं कोरड्या फडक्यानेंच पुसावीं. धुतलेला भाग एक दिवसभर उन्हांत पूर्ण वाळूं द्यावा.

वाळल्यावर गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशानें खरवडून काढावे. जेथें भाग एकमेकांवर सरकत नाहींत, अशा चौकटीच्या उघड्या लोखंडास रेड ऑक्साइडचा हात द्यावा व त्यावर रंग लावावा. सरकणारे भाग, आटे व दांड्याचीं उघडीं टोकें यांस ग्रीस चोपडावें. ओल्या लोखंडावर ग्रीस लावणें मात्र चोर आंत असतां बाहेरून कडी लावण्यासारखें आहे. ओल आंतच राहते व आपलें काम करीत राहते.

इंजिनांतून काढलेलें जळकें तेल सर्वत्र फांसण्याची चाल आहे. तें फुकट मिळतें हें खरें. परंतु जळण्याच्या क्रियेंत त्यांत आम्लें व धातूंचे कण मिसळलेले असतात, त्यामुळें तें लोखंडाचें रक्षण नीट करीत नाहीं. शिवाय जांभा हा सच्छिद्र दगड आहे. त्यावर सांडलेलें तेल पावसाबरोबर खालीं उतरून विहिरीच्या पाण्यांत जाऊं शकतें. दोन पैशांच्या बचतीसाठीं घरचें पाणी नासविणें शहाणपणाचें नव्हे.

पातें

पातें यंत्रावर राहूं देऊं नये, तें उतरवावें. टंगस्टन कार्बाइड अत्यंत कठीण असतें, पण तितकेंच ठिसूळही असतें. दगडावर टेकविल्यानें किंवा पहारीचा धक्का लागल्यानें दाताचा टवका उडतो. म्हणून कडेभोंवतीं जुन्या सायकलची ट्यूब चिरून बसवावी. पातें भिंतीस तिरपें टेकवून चार महिने ठेवल्यास स्वतःच्या भारानें वांकण्याचा संभव असतो. तें सपाट फळीवर पूर्ण आडवें ठेवावें, अथवा मधल्या भोंकांतून जाड लाकडी खुंटीवर सरळ टांगावें. दोन पातीं एकमेकांवर ठेवायचीं असल्यास मध्यें तेल लावलेला जाड कागद घालावा.

ठेवण्यापूर्वीं पात्यास कोठें चीर आहे काय हें पाहणें अवश्य आहे. याची जुनी व बिनखर्ची रीत अशी: दातांमधील खांचा व मधल्या भोंकाभोंवतालचा भाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल किंवा पातळ तेल लावावें. कांहीं वेळानें तें फडक्यानें अगदीं कोरडें पुसावें आणि वर खडूची बारीक पूड भुरभुरावी. चीर असल्यास तींत शिरलेलें तेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर तें पातें बाजूस काढावें. जाणत्या कारागिरास दाखविल्याशिवाय तें पुन्हां चढवूं नये.

याबाबत इतका आग्रह कां, तें एका हिशेबावरून कळेल. पात्याचा व्यास ६० सेंटिमीटर व फेरे मिनिटास १,००० धरले, तर पात्याची कडा तासास सुमारें ११३ किलोमीटर वेगानें धांवते. त्या वेगानें सुटलेला पोलादाचा तुकडा समोरच्या माणसास सावध होण्यास क्षणाचाही अवधि देत नाहीं.

बेअरिंगें, पट्टे व रूळ

बेअरिंगांत नवें ग्रीस भरून जुनें मळकें ग्रीस बाहेर येऊं द्यावें व तें पुसून काढावें; मात्र गच्च भरूं नये, कारण तसें केल्यास चालतांना बेअरिंग तापतें. दांडा एकाच स्थितींत महिनोन् महिने राहिला म्हणजे गोळ्या जेथें टेकतात तेथील ग्रीस दबून जातें व त्याच जागीं गंजाचे डाग पडतात. पुढें यंत्र सुरू झालें कीं तेथूनच खरखर लागते. यावर उपाय एकच: ठराविक दिवसांनीं दांडा हातानें दहा-वीस फेरे फिरवावा व प्रत्येक वेळीं निराळ्या जागीं थांबवावा.

पट्टे काढून, पुसून, कोरड्या व अंधाऱ्या जागीं सैल वेटोळें करून टांगावे. रबरास ऊन व तेल दोन्ही मानवत नाहींत, आणि उंदीर त्यांस कुरतडतात. रूळ मातींत पडूं देऊं नयेत. ते ओंडक्यांवर समपातळींत रचावे. मध्येंच आधार नसल्यास ते वांकतात, आणि वांकड्या रुळावरून सरळ चिरा निघत नाहीं.

इंजिन व बॅटरी

इंजिनाचें तेल हंगाम संपतांच बदलावें, पुढील हंगामासाठीं ठेवूं नये. जुन्या तेलांतील आम्लें चार महिने आंतील भागांशीं लागून राहतात. डिझेलची टांकी भरून ठेवावी. ती रिकामी असली तर आंतील दमट हवेचें पाणी होऊन तळाशीं बसतें, व त्या पाण्यांत जीवजंतु वाढून गाळणी तुंबते. धुराच्या नळीच्या तोंडावर डबा उपडा घालावा व हवा ओढण्याचें तोंड तेलकट फडक्यानें बंद करावें. या दोन्ही गोष्टी सुरू करतांना विसरूं नयेत म्हणून इंजिनाच्या हॅंडलास लाल चिंधी बांधावी. बॅटरी घरीं आणावी व महिन्यांतून एकदां भरून घ्यावी. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर थर धरतो व ती पुन्हां पूर्ण भरत नाहीं.

झांकण

ताडपत्री घट्ट गुंडाळली म्हणजे यंत्र सुरक्षित झालें, हा समज सर्वत्र आढळतो. आमच्या पाहण्यांतील एका खातेदारानें जाड प्लॅस्टिकनें यंत्र चहूंकडून लपेटून सुंभानें आंवळून बांधिलें होतें. त्याच्या शेजाऱ्यापाशीं तेवढें प्लॅस्टिक नव्हतें. त्यानें चार वासे उभारून वर ताडपत्री ताणली व बाजू मोकळ्या ठेविल्या. नवरात्रांत दोघांनींही यंत्रें उघडलीं, तेव्हां पहिल्याचा दांडा हलेना, आणि दुसऱ्याचा एका हातानें फिरला. याचें कारण सरळ आहे. दिवसा उघाड पडली कीं आच्छादनाखालील ओल वाफ होऊन वर जाते, व रात्रीं गारवा आला कीं तीच थेंबरूपानें यंत्रावर उतरते. तिला बाहेर जाण्यास वाट पाहिजे. ताडपत्री यंत्रास न चिकटतां निदान हातभर वर असावी, खालचा कांठ जमिनीपासून एक वीत मोकळा असावा, आणि वाऱ्यानें फडफडूं नये म्हणून दोरीचे ताण पक्के असावे.

नक्षत्रागणिक पाहणी

मृग, आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा व हस्त हीं पावसाचीं नऊ नक्षत्रें शेतकऱ्यास कोणी शिकवावीं लागत नाहींत. प्रत्येक नक्षत्र सुमारें तेरा-चवदा दिवस चालतें. नक्षत्र बदललें कीं यंत्राकडे एक फेरी, असा नियम केला तर निराळें पंचांग पाहण्याची गरज नाहीं. त्या दिवशीं ताण तपासावे, आच्छादनावर सांचलेलें पाणी काढावें, दांडा व इंजिन हातानें फिरवावें, व ग्रीस धुपलें असेल तेथें पुन्हां लावावें. काय केलें तें तारखेसह वहींत लिहावें. आमची हयात नोंदवह्यांत गेली असल्यानें आम्हांस त्यांचें प्रेम अधिक असेल. तथापि पुढें यंत्र बिघडल्यास दोष कोठें आहे हें शोधण्यास अशी वहीच उपयोगी पडते.

ताडपत्री उचलण्यापूर्वीं ती लांब काठीनें हलवावी. कोरडा आडोसा फुरशास प्रिय असतो, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या सड्यांवर फुरसें ठिकठिकाणीं आहे. तें अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतें, पण पावसाच्या आवाजांत तो ऐकूं येईलच असें नाहीं. गुडघ्यापर्यंत बूट घालावे व हात चांचपडत आंत घालूं नये. दंश झाल्यास जखम कापूं नये, आंवळून बांधूं नये व मांत्रिकाकडे वेळ घालवूं नये. तो अवयव न हलवितां माणसास तांतडीनें सरकारी रुग्णालयांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही सर्पांच्या विषावर चालणारी लस तेथें दिली जाते.

पुन्हां सुरू करतांना

पाऊस उघडला, मजूर आले, आणि मागणी आली कीं एका सकाळींच यंत्र सुरू करण्याची घाई होते. बहुतेक अपघात या घाईंतूनच होतात. मोटार असल्यास वीज जोडण्यापूर्वीं परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनें तिच्या गुंडाळ्यांची परीक्षा करून घ्यावी. वाचन १ मेगओहमहून कमी आल्यास ती मोटार ओली समजावी. याहून जितकें अधिक येईल तितकें चांगलें. ओली मोटार उन्हांत व नंतर दिव्याच्या मंद उष्णतेनें वाळवून पुन्हां तपासावी. भूसंपर्काची तार गंजून तुटली नाहीं ना, हें पाहावें, आणि गळती होतांच वीज तोडणारी कळ बसविलेली नसल्यास ती बसवून घ्यावी. लोखंडी चौकटींत वीज उतरली तर तिला हात लावणाऱ्या मजुरास दुसरी संधि मिळत नाहीं.

इंजिन असल्यास धुराच्या नळीवरील डबा व हवेच्या तोंडांतील फडकें काढून टांकीच्या तळाचें पाणी सोडावें, तेलाची पातळी पाहावी व गाळणी बदलावी. नंतर पातें पुन्हां खडूच्या रीतीनें तपासून चढवावें, सर्व नट आंवळावे, पात्यावरील संरक्षक झांकण जागेवर आहे याची खातरी करावी, आणि प्रथम दगडास न लावतां यंत्र कांहीं मिनिटें मोकळें फिरवावें. त्या वेळीं पात्याच्या रेषेंत कोणीही उभें राहूं नये. चमत्कारिक आवाज अथवा थरथर वाटल्यास लगेच बंद करावें.

खाण व कागदपत्रें

जांभा हें गौण खनिज आहे. परवान्याशिवाय त्याचें उत्खनन केल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वयें दंड होतो व यंत्रसामग्रीही जप्त होऊं शकते. परवान्याची मुदत संपल्यावर पातें चढविलेलें यंत्र खाणींतच उभें असलें, तर पंचनाम्याच्या वेळीं निष्कारण संशयास जागा होते. तें बाहेर काढून, पातें उतरवून ठेवणें हें यंत्राच्या व मालकाच्या दोघांच्याही हिताचें आहे. यंत्राच्या खरेदीची पावती, परवाना व स्वामित्वधन भरल्याचीं चलनें एका पत्र्याच्या डब्यांत घरीं ठेवावीं. चिरेखाणीवरील खोपटांत नव्हे.

जातां जातां एक सूचना. यंत्र वर काढल्यावर खाणीच्या कांठास कांटेरी कुंपण किंवा चिऱ्यांचा गडगा अवश्य घालावा. पावसाळ्यांत खाणीची खोली वरून कळत नाहीं, कड सरळ तुटलेली असते, आणि गुरें राखणारीं मुलें पाणी पाहून उतरतात. कुंपणास एक दिवसाची मजुरी लागते.